जलाल तांडेलाची उंटीण

जलालला मी तो शेंबडा होता तेव्हापासून ओळखत होते. बाणकोटच्या खाडीकाठचं आमचं गाव. त्याचं घर धक्क्याजवळ, आमचं मशिदीच्या मागं. पुढे तो माझ्या धाकट्या बहिणीचा, शरीफाचा नवरा झाला, तरी जावई म्हणून मी त्याला कधी मान दिला नाही. तो मला आपा म्हणायचा, मी तोंडाला येईल ते त्याला बोलायचे आणि तो हसून ऐकून घ्यायचा. आमच्या अख्ख्या खानदानात माझं एवढं ऐकून घेणारा दुसरा माणूस नव्हता. माझा नवरा कादिर तर मी तोंड उघडलं की चपला शोधायला लागतो.

आता जलाल नाही, म्हणून त्याच्याविषयी गोड गोड बोलायला मला जमणार नाही. मला त्याचा राग आहे. राग कशाचा ते सांगते, पण आधी तो कोण होता ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, होता कोणी ड्रायव्हर, बेफाम हाकत होता आणि गेला. तसा तो नव्हता. त्याच्याएवढं सांभाळून गाडी चालवणारं मी इथं सौदीत, जेद्दात कोणी बघितलं नाही.

त्याचा बाप तांडेल होता. मचवा कधी सुटणार, कुठं नांगर टाकायचा, माल कसा भरायचा, हे सगळं तो ठरवायचा. मचव्यात कधी कौलं, कधी वाळू, कधी आंब्याच्या पेट्या. जलाल शाळेत कमी आणि मचव्यावर जास्त असायचा. माल भरताना बाप त्याला धक्क्यावर उभा करायचा आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात किती बसतेय ते बघायला लावायचा. नाळ जड होता कामा नये. जड नाळ लाटेत घुसते आणि होडी पाणी घेते. म्हणून वजन मागं टाकायचं आणि नाळ हलकी ठेवायची. आमच्या गावात हे बायकांनासुद्धा ठाऊक असतं. तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत बसताना आम्ही अंगानं भरलेल्या बायकांना मागं बसवतो आणि त्यावरून रुसवेफुगवे होतात.

मग पूल झाले, रस्ते झाले, कौलं ट्रकमधून जायला लागली. मचवा धक्क्यावर कुजला. जलाल जेद्दाला आला, दोन-चार वर्षांनी शरीफाला घेऊन आला, आणि शराफिया वस्तीतल्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांनी खोल्या घेतल्या. त्यांची मुलगी अरवा इथंच जन्मली. मी लग्न होऊन आले ती इथंच राहिले. अरब बायकांचे कपडे शिवते, त्यामुळे माझी अरबी पाण्यासारखी चालते. शरीफाची गाडी मात्र सलाम आणि भाजीचा भाव यापुढे कधी गेली नाही. तिला गरज पडली नाही, तिच्या वतीनं मीच बोलायचे.

आमच्याकडची माणसं इथं येऊन दुकानात कापड मोजतात, ऑफिसात बसतात, नाहीतर दुसऱ्याची पोरं शाळेत नेऊन सोडतात. जलालला होड्या मिळाल्या. हाशम नावाच्या एका सौदी पोराच्या बापाचं होड्यांचं आणि इंजिनांचं दुकान होतं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, दुकानाचा आणि काम होड्या ओढायचं: दुकानातून समुद्रावर, समुद्रावरून दुरुस्तीला, दुरुस्तीहून पुन्हा समुद्रावर. एक थोरली, आठ माणसं बसतील अशी अमेरिकन गाडी, तिच्या मागं लोखंडी गोळा, त्या गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसवायचं, ट्रेलरवर होडी. मागं मागं घेत होडी पाण्यात उतरवायची तर भल्याभल्यांना घाम फुटतो. ट्रेलर भलतीकडेच वळतो. जलाल एका दमात उतरवायचा. तिथं आलेले सौदी आपापल्या गाड्या थांबवून बघायचे. रियाधहून सुट्टीला आलेले आपल्याकडचे ऑफिसवाले लोक व्हिडिओ काढायचे.

तो ट्रेलर हा शब्द कधी वापरायचा नाही. "होडी निघाली," म्हणून शरीफाला फोन करायचा, "होडी पोचली," म्हणून पुन्हा करायचा. निघण्याआधी नाळेवर हात ठेवून बिस्मिल्ला म्हणायचा, त्याचा बाप म्हणायचा तसंच. मी चिडवायचे की अरे, खाली पाणी कुठाय, डांबर आहे. तो म्हणायचा, होडीला काय कळतं खाली काय आहे ते. मला तेव्हा ते गोड वाटायचं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दुकानाचा म्हातारा मालक आजारी पडला आणि दुकान हाशमच्या हातात आलं. हाशम पोरगा वाईट नाही. जलालला त्यानं कधी अरेतुरे केलं नाही, ईदला अरवासाठी कपडे पाठवायचा. पण हौशी. वाळवंटात गाड्या उडवणारी त्याची मित्रमंडळी, त्यांच्या गाड्या उंच, म्हणून यालाही उंच हवी. एक दिवस त्यानं जलालची गाडी सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत नेली आणि चांगली दोन वीत उंच करून आणली. चाकं एवढी थोरली की माझ्या कमरेला लागत होती. जलाल ती इमारतीखाली घेऊन आला तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. अरवाला चढायला स्टूल द्यावं लागलं. मी म्हटलं, ही गाडी कसली, उंटीण आहे. तेच नाव पडलं. जलालनंही घेतलं. "उंटीण कुठं लावू?" असं हाशमला विचारायचा म्हणे.

माझ्या कादिरला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. कादिर बोलत नाही, पण बघतो. गाडी उंच झाली तसा मागचा गोळाही उंच गेला होता, आणि त्यावर बसवलेलं ट्रेलरचं तोंड आभाळाकडे झालं होतं. होडी मागच्या बाजूला कलल्यासारखी दिसत होती. कादिर जलालला म्हणाला की गोळा बसवायचा खाली वाकवलेला हुक मिळतो, तो लाव, म्हणजे ट्रेलर सपाट चालेल. जलालनं ऐकून घेतलं आणि हसला. नाळ वर आहे हे चांगलंच आहे, कादिरभाई, म्हणाला. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. नाळ वर असलेली होडी बघून आमच्या डोळ्यांना बरं वाटतं. कादिर पडला डोंगरातल्या गावचा, त्याला काय कळणार होडीतलं, असंच मी, शरीफा आणि जलाल, तिघंही समजलो.

त्यानंतर होडी हलायला लागली. हलायला म्हणजे, गाडीचा वेग वाढला की मागं ट्रेलर डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे डुलायचा. जलालनं हे घरी येऊन तक्रार म्हणून सांगितलं नाही. जेवताना, खुशीत सांगितलं. आधी ती मेल्यासारखी मागून यायची, आता जिवंत झाली, म्हणाला. लाट आली की कशी उचलते तशी उचलते. सुकाण धरल्यासारखं वाटतं हातात. त्याचा चेहरा असा उजळला होता की मी इतक्या वर्षांत बघितला नव्हता. शरीफा त्याच्या ताटात आणखी भात वाढत होती आणि हसत होती. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. का ते मला सांगता आलं नसतं.

मग कादिर एकदा त्याच्या मागून स्वतःच्या गाडीनं अबहुरच्या समुद्रावर गेला. घरी आला तो न जेवताच पलंगावर बसून राहिला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "इस्मत, त्याच्या होडीची शेपटी शेजारच्या पट्ट्यात जाऊन येते. आणि तो गातोय." त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी वर जाऊन शरीफाला म्हटलं की तुझा माणूस त्या उंटिणीपायी जाणार आहे. ती माझ्यावर अशी उखडली की विचारू नका. असं तोंडातून काढू नकोस, फरिश्ते आमीन म्हणतात, म्हणाली, आणि दोन दिवस खाली उतरली नाही.

मी गप्प बसणारी नाही. हाशमच्या आईचा झगा शिवत होते, माप घेता घेता तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, जलाल समुद्राचा माणूस आहे, माशाल्ला, त्याची काळजी कशाला करतेस. मग जलाललाच पकडलं. जिन्यात उभा करून नको नको ते सुनावलं. बायको आहे, मुलगी आहे, लाज वाटते का, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आपा," तो म्हणाला, "न हलणारी होडी म्हणजे धक्क्याला बांधलेली होडी. तू पण खाडीतली आहेस, तुला भीती वाटावी?"

झालं. खाडीतली म्हटलं की माझी बोलती बंद होते. आणि त्याला ते चांगलं माहीत होतं.

तो शनिवार. अरवाच्या शाळेला सुट्टी लागली होती. हाशमच्या आईनं राबिघच्या पुढं समुद्रावर दिवसभराचा बेत केला होता, सगळं घर जाणार होतं, आणि तिला आमच्या हातची तळलेली मच्छी हवी होती. म्हणून शरीफा, अरवा आणि मी जलालबरोबर आधी निघायचं, हाशमची आई तिच्या ड्रायव्हरबरोबर मागून येणार, हाशम आदल्या दिवशीच तिकडे गेलेला. दुकानातली सगळ्यात मोठी होडी न्यायची होती, मागं दोन इंजिनं लावलेली. मसाला वाटलेला, पातेली, गॅसची टाकी, बर्फाच्या पेट्या सगळं आम्ही गाडीत भरलं. पेट्रोलचे कॅन आणि नांगर होडीच्या पुढच्या खणात होते.

जेद्दा सुटेपर्यंत मी डोळे मिटून दरूद म्हणत होते. उघडले तेव्हा रस्ता सरळसोट होता आणि उजवीकडून वारा. वाळू डांबरावरून पातळ धुरासारखी वाहत होती. उंटिणीत बसलं की रस्ता फार खाली दिसतो. वाऱ्याचा झोत आला की गाडी आधी एका अंगावर झुकायची, मग मागून काहीतरी तिला ओढायचं, मग ती पुन्हा सरळ व्हायची. अरवा उलटी वळून मागच्या काचेतून होडीचा व्हिडिओ काढत होती. थोड्या वेळानं तिनं मोबाइल खाली ठेवला आणि सरळ बसली. काय गो, काय झालं, मी विचारलं. काही नाही खाला, म्हणाली. पुन्हा मागं वळली नाही.

राबिघच्या रिफायनरीकडे जाणारा एक मोठा टँकर डावीकडून आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं आधी आमची गाडी त्याच्याकडे ओढली गेली आणि तो पुढं सरकताच होडी उलट बाजूला फेकली गेली. जलालनं चाक फिरवलं. होडी दुसऱ्या बाजूला गेली, आधीपेक्षा जास्त. त्यानं पुन्हा चाक फिरवलं, अगदी सुकाण मारावं तसं, आणि ती पुन्हा आली, त्याहून जास्त. आरशात होडी दिसायची, मग दिसायची नाही, मग दुसऱ्या आरशात दिसायची. गाडीचं मागचं अंग आमच्या खालून सरकत होतं. शरीफानं एकदाच "अल्ला" म्हटलं. मग जलालनं पाय उचलला असावा, कारण वेग कमी होत गेला आणि डुलणं हळूहळू थांबलं.  पुढचा पेट्रोल पंप आला तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली.

तो खाली उतरला आणि होडीभोवती एक फेरी मारली. मी त्याला लहानपणापासून बघतेय, पण घाबरलेला तेव्हा पहिल्यांदा बघितला. ओठ पांढरे पडले होते. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला की बोलू नकोस आपा, मला कळलंय, भरताना चूक झाली. नांगर आणि कॅन पुढं ठेवलेत, नाळ जड झालीय.

आणि आम्हाला पटलं. तिथं उभी असलेली आम्ही तिघंही खाडीतली माणसं, तिघांनाही एका क्षणात पटलं. नाळ जड, म्हणून होडी डोकं हलवते. मला तर हायसं वाटलं. एवढे दिवस ज्याची भीती वाटत होती त्याला एकदाचं कारण सापडलं होतं. शरीफानं ओढणी कमरेला खोचली. जलाल होडीत चढला, त्यानं नांगर आणि साखळी ओढत मागं इंजिनांजवळ नेली, आम्ही दोघी खालून कॅन देत गेलो. मग शरीफाच म्हणाली की गाडीतलंही जड सामान मागं जाऊ दे, उंटीण आधीच उंच आहे, तिच्यावर कशाला ओझं. बर्फाच्या पेट्या, गॅसची टाकी, मोठं पातेलं, सगळं होडीच्या मागच्या टोकाला गेलं. घाम पुसत आम्ही लांब उभं राहून बघितलं. नाळ छान वर आली होती.

अरवा लांब सावलीत उभी होती. ती जवळ आली आणि बापाचा हात धरून म्हणाली, "अब्बा, इसको यहीं छोड दो ना."

आम्ही तिघं हसलो. इतक्या भीतीनंतर ते हसू आलं म्हणूनही असेल, पण हसलो. होडी अशी वाटेत टाकून कोणी जातं का? जलालनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं की तुझ्या आजोबांनी तुफानात माणसं धक्क्यावर उतरवली, पण मचवा सोडला नाही. मग त्यालाच ते सुचलं असणार. म्हणाला, तुम्ही तिघी इथं उतरा. हाशमची आई मागून येतेच आहे, तिच्या गाडीत या. मी एकटा सावकाश घेऊन जातो.

शरीफा ऐकेना. मी तुमच्याबरोबर येते म्हणाली. अरवा तिला सोडेना आणि गाडीत बसायलाही तयार होईना. जलालनं शरीफाला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं, मला ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसत होती. त्यानं नाळेवर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं, स्टूल न लावता उडी मारून उंटिणीवर चढला. मी नुसतं "हळू जा रे" म्हटलं. एवढी वटवट करणारी बाई मी, आणि वेळेला तीन शब्द सुचले. होडी नाळ उचलून रस्त्याला लागली. शरीफा म्हणाली, बघ आपा, आता कशी नीट बसलीय.

हाशमच्या आईची गाडी यायला उशीर झाला. आम्ही पंपावरच्या दुकानात चहा घेतला. शरीफा सारखी मोबाइल बघत होती, होडी पोचल्याचा फोन आला नव्हता. मी म्हटलं, वारा आहे, सावकाश जात असेल. गाडी आली, आम्ही बसलो. हाशमच्या आईनं खजूर पुढं केले. लांबवर रिफायनरीच्या धुरांड्यावरची आग दिसायला लागली, दिवसाउजेडी फिकी आणि वाऱ्यानं आडवी झालेली. माझं लक्ष तिकडे होतं.

एका पुलाच्या उतारानंतर गाड्यांची रांग लागली होती. आधी होडी दिसली. रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर वाळूत, ट्रेलरवरून सुटून, सरळ बसली होती. नाळ वर. अंगावर ओरखडासुद्धा दिसत नव्हता. शरीफा म्हणाली, या अल्ला, होडी कशी काय इथं. तिला एवढंच समजलं होतं. माझी नजर पुढं गेली. उंटीण रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला उलटी पडली होती, चारी थोरली चाकं वर, आणि छत दाराच्या खालच्या कडेपर्यंत आत गेलं होतं. मी अरवाचं तोंड माझ्या छातीत दाबलं. शरीफा दार उघडून धावत सुटली, एक चप्पल गाडीतच राहिली, आणि तिला धरायला मी गेले नाही कारण अरवाला सोडता येत नव्हतं.

माझा राग तो हा. मेल्या, होडी रस्त्यावर होती. पाण्यात नव्हती. गोळ्यावरून सोडवून पंपावर उभी केली असती तर कोण बुडणार होतं? हाशम तासाभरानं येऊन दुसऱ्या गाडीनं घेऊन गेला असता, फार तर कुरकुरला असता. लेकराला कळलं ते तुला कळलं नाही, आणि आम्हा दोन मोठ्या बायकांनाही कळलं नाही. तुझ्या बापाचा मचवा तुझ्या डोक्यातून कधी उतरलाच नाही रे जलाल. मी हे त्याला रोज बोलते. मशीनवर बसून बोलते, भांडी घासताना बोलते. तो आता हसत नाही, एवढाच फरक.

दवाखान्यात आम्हाला एका बाकावर बसवलं होतं. कादिर जेद्दाहून निघाला होता. हाशम भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, कपड्यांना वाळू लागलेली, आणि लहान पोरासारखा रडत होता. जलालला त्यांनी आत ठेवलं होतं. जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही, असं सांगितलं. ते खरं असेल तर बरं. अरवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून उघड्या डोळ्यांनी पडली होती. शरीफा ताठ बसली होती. रडत नव्हती. मला तिची सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात ट्रॅफिक पोलिसांचा एक अधिकारी आला. वयस्क, शांत माणूस. त्यानं हाशमशी बोलायला सुरुवात केली, मग मला अरबी समजते म्हटल्यावर माझ्याकडे वळून सांगायला लागला. त्याला वाटलं, घरच्यांना कळायला हवं. गाडी उंच केलेली, म्हणून ट्रेलरचं तोंड वर गेलेलं. पण ते एवढ्यावर निभावलं असतं, म्हणाला. ट्रेलरच्या तोंडावर वजन लागतं, पुढं दाब असला तरच तो गाडीमागे सरळ येतो. यानं सगळं जड सामान होडीच्या पार मागच्या टोकाला ठेवलं होतं. नांगर, पेट्रोल, बर्फ, गॅससुद्धा. पुलाच्या उतारावर वेग वाढला, वारा लागला, मागचं वजन डोलायला लागलं आणि त्यानं गाडीला फिरवून उलटं केलं. सामान पुढंच असतं तर कदाचित वाचला असता. असं कोणी भरत नाही, बहीण, त्याला कोणी शिकवलं असं भरायला?

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं तेच सांगितलं, हातानं दाखवूनही सांगितलं, पुढं आणि मागं. हाशमनं मान वर केली आणि मीच ती गाडी उंच केली, मीच केली, असं म्हणत पुन्हा गुडघ्यात डोकं घातलं.

शरीफा त्या अधिकाऱ्याच्या हातांकडे बघत होती. तो गेल्यावर तिनं माझा दंड धरला. तिची बोटं अशी रुतली की तो डाग मला पुढं बरेच दिवस दिसत होता.

"आपा, काय म्हणाला तो? सामानाचं काहीतरी म्हणत होता ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओढणीवर कॅनचं पेट्रोल सांडलेलं होतं, त्याचा वास येत होता.

"वाऱ्यानं झालं म्हणतो," मी म्हटलं. "पुलावर वारा फार होता. कोणाचा इलाज नव्हता."

तिनं ते दोनदा स्वतःशी म्हटलं, वाऱ्यानं झालं, वाऱ्यानं झालं. मग इतक्या वेळात पहिल्यांदा तिला रडू फुटलं, आणि ती माझ्या खांद्यावर पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं ती कशीबशी बोलली.

"बरं तरी आपण सामान मागं टाकून दिलं, आपा. नाहीतर जन्मभर मनाला लागून राहिलं असतं, की त्यांच्यासाठी एवढंसुद्धा केलं नाही."

मी हो म्हटलं.